नाव निम्मंनिम्मं, गाणं कुणाचं?

गाण्यांच्या रॉयल्टीवरून आपल्याकडे वाद सुरू झाला की ‘अमेरिकेत असं होत नाही’ हे वाक्य ठरलेलं. लग्नसमारंभात गाणी वाजवायला रॉयल्टी लागत नाही असं सांगणारं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं, तेव्हाही बोलणं झालं ते हॉटेलवाले विरुद्ध म्युझिक कंपन्या असंच. गीतकार आणि संगीतकार त्या चर्चेत फारसे दिसले नाहीत. अमेरिकेत राहून या धंद्याकडे पाहताना मला ते वाक्य अर्धंच खरं वाटतं. इथे कागद पक्के असतात, पण कायदा कलाकाराला आपलं सगळं विकून टाकायची मोकळीकही देतो. यासाठी डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या अमेरिकी पॉप-रॉक जोडीच्या कारकिर्दीइतकं बोलकं उदाहरण क्वचितच सापडेल.

दोघे १९६७ मध्ये फिलाडेल्फियात भेटले, दोघेही टेम्पल विद्यापीठाचे विद्यार्थी. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेले पहिले तीन अल्बम फारसे चालले नाहीत. ‘शीज गॉन’ हे आज त्यांचं अभिजात मानलं जाणारं गाणं सुरुवातीला बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ६० व्या क्रमांकावरच अडकलं. मग ते आरसीए कंपनीत गेले, १९७६ मध्ये ‘सारा स्माइल’ चौथ्या क्रमांकावर पोचलं, आणि त्याच वर्षी अटलांटिकने ‘शीज गॉन’ पुन्हा बाजारात आणलं. या वेळी ते पहिल्या दहात गेलं. ध्वनिमुद्रण अटलांटिकचं होतं, त्यामुळे कलाकार सोडून गेले तरी त्यांच्या नव्या नावलौकिकाचा फायदा जुन्या कंपनीला घेता आला. चाल आणि शब्द ही एक मालमत्ता, ध्वनिमुद्रण ही दुसरी. धंद्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ हा फरक न ओळखण्यात आहे.

१९७७ ते १९८४ या काळात त्यांची सहा गाणी बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्डिंग उद्योगाच्या संघटनेने त्यांना रॉकच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी जोडी ठरवलं. आता त्या सहा गाण्यांवर लेखक म्हणून कुणाची नावं आहेत ते पाहा. ‘रिच गर्ल’ एकट्या हॉलचं. ‘किस ऑन माय लिस्ट’ हॉल आणि जॅना ॲलन यांचं. ‘प्रायव्हेट आइज’वर चार नावं आहेत, त्यात ओट्स नाही. ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ आणि ‘मॅनइटर’ ही हॉल, ओट्स आणि सारा ॲलन या तिघांची. ‘आउट ऑफ टच’ दोघांचं. म्हणजे मुखपृष्ठावर दोघांची नावं बरोबरीने असली, तरी सहापैकी तीनच गाण्यांच्या लेखनात ओट्सचा वाटा आहे.

हे साधं वाटतं, पण अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ फक्त गीतकार-संगीतकारांना पैसे देतो. गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काहीच नाही. त्यामुळे दुसऱ्यांनी लिहिलेलं आणि या जोडीने १९८० मध्ये गायलेलं ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’ रेडिओवर कितीही वाजलं, तरी त्या वाजण्याचे पैसे मूळ लेखकांचे. डिजिटल रेडिओचा हिशोब निराळा: तिथे ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकारांना आणि ५ साथीदारांना.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हॉलने नॅशव्हिलच्या न्यायालयात ओट्सवर दावा लावला. दोघांच्या ‘होल ओट्स एंटरप्रायजेस’ या भागीदारी संस्थेतला आपला वाटा ओट्स गाण्यांचे हक्क विकत घेणाऱ्या प्रायमरी वेव्ह या कंपनीला विकू पाहत होता, आणि माझ्या संमतीशिवाय ते करता येत नाही असं हॉलचं म्हणणं होतं. प्रकरण लवादापुढे जाईपर्यंत न्यायालयाने विक्री थांबवली. करार होता, म्हणून दाद मागता आली. पण भागीदाराला बाहेर पडायचं असेल तर वाट्याची किंमत कुणी आणि कशी ठरवायची, दुसऱ्याला तो आधी विकत घ्यायची संधी किती दिवस, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं की पन्नास वर्षांची साथ न्यायालयाच्या पायरीवर जायची वेळ सहसा येत नाही.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कायमचा लिहून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. (सिनेमागृहात चित्रपटाबरोबर वाजणारं गाणं त्यातून वगळलं आहे.) अमेरिकेत असं कवच नाही. १९७८ पासूनचा करार ३५ वर्षांनी मोडून हक्क परत घेता येतात, पण त्यासाठी किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आधी नोटीस द्यावी लागते. ती मुदत हुकली की हक्क तिथेच राहतो.

म्हणून अमेरिकेचा कायदा आणा अशी मागणी मला पटत नाही. घ्यायची ती इथली कागदाची सवय. गाणं तयार झालं त्याच दिवशी एक पान भरायचं: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येक लेखकाचं कायदेशीर नाव आणि सोसायटीतला क्रमांक, शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रत्येकाचा टक्का, सह्या. बेरीज बरोबर १०० हवी. दोघांनी वेगवेगळी नोंदणी करून ती ११० केली, तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. अरेंजरचं, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणाऱ्याचं, काम लेखनात धरायचं की नाही हेही तिथेच लिहायचं, कारण गाणं गाजल्यावर सगळ्यात आधी तोच प्रश्न येतो.

टक्के लिहिले नसतील तर अमेरिकेत सहलेखकांचा वाटा समान धरतात, आणि बाकीच्यांना हिशोब देण्याच्या अटीवर कुणीही एकटा साधा (एकाच ग्राहकापुरता राखून न ठेवलेला) परवाना देऊ शकतो. आपल्याकडे तसं चालत नाही: सहमालकाच्या संमतीविना परवाना देता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका चित्रपटाच्या वादात म्हटलं आहे. त्यामुळे मराठी संगीतकार जोडीतल्या एकाने सही नाकारली, तर जाहिरातीसाठी आलेली मागणी तशीच परत जाते. जोडीचं नाव, छायाचित्रं आणि समाजमाध्यमांवरची खाती यांचा करार मात्र वेगळा हवा; गाण्यांच्या टक्क्यांत तो मिसळायचा नाही.