पाणी न पाहता निर्णय कसे घ्यावेत?

कामाच्या ठिकाणी अचूक निर्णय घ्यावयाचा असेल, तर सर्वप्रथम त्या ठिकाणी जाणे टाळावे. सोलापूरच्या टॉवेल कारखान्याविषयीचे निर्णय तर मुंबईच्या वातानुकूलित कक्षातच उत्तम पिकतात.

दुसरे असे की, अन्यत्र एकदा फळलेला निर्णय जपून ठेवावा आणि दिसेल तेथे लावावा. आमच्या कारखान्यातील नव्या साहेबांनी गेल्या आठवड्यात हे व्रत किती निष्ठेने पाळले, ते पाहा. दुसऱ्या युनिटमध्ये गडद निळ्या रंगाची जी रेसिपी बसली होती, तीच येथे ग्रॅमचाही फरक न करता वापरावी, असा लेखी आदेश त्यांनी काढला. रंगाई पाहणाऱ्या डाइंग मास्तरांनी विनवले की, साहेब, नळाचे पाणी आज आलेले नाही, बोअरचे घ्यावे लागेल आणि ते जड आहे. आधी तपासू, जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधून घेऊ, निदान लॅब डिप, म्हणजे रंगाचा छोटा चाचणी-नमुना तरी नव्याने काढू. त्यावर ठरीव कार्यपद्धतीच्या कागदावर, म्हणजे एसओपीवर, बोट ठेवून "एसओपीमध्ये पाण्याचा उल्लेख नाही," असे बाणेदार उत्तर मिळाले. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रिअॅक्टिव्ह रंगाला नीट विरघळू देत नाहीत, सोडा अॅश पडताच त्यांचा साका सुताच्या फासांत बसतो, छटा मंद होते व ठिपके उमटतात. परंतु कॅल्शियमने एसओपी वाचलेली नसेल, तर त्यास साहेब काय करणार? संपूर्ण लॉट ठिपक्यांचा निघाला. तेव्हा साहेबांनी तत्परतेने आणखी एक निर्णय घेतला आणि कारणे दाखवा नोटीस काढली. कोणाला? मास्तरांना!

मे महिन्यात कोरड्या हवेने सूत तटातट तुटू लागले, तर शेडमधील आर्द्रता मोजत बसू नये, विणकराचे पैसे कापावेत.

तातडीच्या मालाची गाडी भरण्यास सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याचा दिवस निवडावा, कारण त्या दिवशी सोलापुरात कामगार आणि मोकळा रस्ता मुबलक मिळतात.

बैठका भरपूर घ्याव्यात. फक्त ज्याचे हात रंगात बुडालेले असतात, त्याला बोलावू नये.

पण आता उपरोध पुरे. साहेब, पाण्याचा जडपणा तपासण्यास काही मिनिटे लागतात आणि त्याचे किट तुमच्याच प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. ते उघडण्याची तसदी तुम्ही घेतली नाही, ज्याने सांगितले त्याचे ऐकले नाही आणि नुकसान झाल्यावर त्याच्याकडेच बोट दाखवले. याला निर्णयक्षमता म्हणत नाहीत, हा निव्वळ उद्दामपणा आहे! उन्हाळ्यातले पाणी, पावसाळ्यातले पाणी आणि टँकरचे पाणी यांतला फरक ज्या माणसाला डाइंगच्या टाकीत रंग पडताच कळतो, त्याला खुलासा मागताना तुम्हाला संकोचही वाटला नाही. ती नोटीस आजच मागे घ्या, आणि पुढचा लॉट लावण्यापूर्वी खाली डाइंगमध्ये उतरून मास्तरांना विचारा की, आज पाणी कोणते आहे.