बिनरंगाचा डबा रंगवताना

माणसाने कुठलाही छंद लावून घ्यावा, पण रेल्वेच्या मॉडेलचा प्लॅस्टिकचा डबा स्टीलचा दिसावा म्हणून रंगवायला बसू नये. अमेरिकेच्या बड कंपनीने १९३४ साली ‘पायोनियर झेफिर’ नावाची चकचकीत रेल्वेगाडी काढली आणि पुढे स्टेनलेस स्टीलचे डबे बांधण्यात नाव कमावलं. स्टील गंजत नाही, म्हणून रंग द्यायची कटकटच नाही. कंपनी सुटली, अडकलो मी! ८५ फुटी डबा १:८७ प्रमाणात जेमतेम फूटभर होतो, पण अंगावरच्या आडव्या पन्हळी काही कमी होत नाहीत.

चंदेरी दिसायला आधी काळा रंग मारावा लागतो. तोही आरशासारखा चकचकीत. वरच्या रंगातले धातूचे कण इतके बारीक, की खालचा थर जसा तशी वरची झळाळी. काळा जरा खरखरीत राहिला की रेल्वेचा डबा जाऊन अ‍ॅल्युमिनियमचं जुनं पातेलं हातात येतं. हे शास्त्र घरी कोण ऐकणार? जो येतो तो विचारतो, “डांबर का फासलंस?”

त्यात नाशकातल्या गंगापूर रोडवर जिकडेतिकडे बांधकामं. धुळीचा एक कण बसला, की तो त्या प्रमाणात भलामोठा धोंडा. म्हणून मी बाथरूम गाठतो. गरम पाणी सोडलं की वाफेबरोबर धूळ खाली बसते. मग वाफ निघून जाईपर्यंत थांबायचं, कारण दमट हवेत लॅकर, म्हणजे हा झटपट वाळणारा रंग, पांढुरकं पडतं. तोंडाला मास्क, डोक्यावर एक्झॉस्ट फॅन, दारावर घरच्यांच्या थापा. ज्या नाशकात रंगपंचमीला माणसं पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धबाधब उड्या टाकतात, तिथे मी एअरब्रशच्या, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पिचकारीच्या, चिमुकल्या कपात थेंब मोजत उभा! त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घरघरला की खालचे काका ओरडतात, “अहो, मोटर बंद करा, टाकी भरली!”

तांबट लेनमधली आत्या आली. तिच्या मते हा सगळा उपद्व्याप अनाठायी. “चिंच-मीठ लावून घास, लख्ख होईल.”

“आत्या, प्लॅस्टिक आहे ते.”

“मग स्टीलचाच आणायचा होतास!”

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. शेवटी पातळ पातळ थर चढले, बोटाचा ठसाही न उमटता डबा वाळला, आणि खिडकीच्या उजेडात असा काही झळकला की बड कंपनीनेही पाठ थोपटली असती. मी तो कडांना धरून आत्यासमोर नेला. तिने चष्मा लावून नीट निरखला.

“छान घासलायस. आता रंग कुठला देणार?”