‘अ‍ॅरिस्टॉटल मागवला, आलं भलतंच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, की अ‍ॅरिस्टॉटलचं ‘फिजिक्स’ मागवलं तर निम्म्याहून जास्त भरताड कुणा अव्हेरोईजचं, ग्रीक अक्षर एक नाही, कडेला उगाच ए-बी-सी छापलंय आणि बांधणीत ओळींची टोकं गेलीत.

टोकं गेली ही चूक आमचीच. आतला समास कमी सोडला. दुसरी प्रत या आठवड्यात पाठवतो, जुनी परत करू नका. विक्रीच्या पानावर ‘लॅटिन, भाष्यासह’ असं लिहायला हवं होतं, ते आज लिहिलं. पुस्तकच नको असेल तर सगळे पैसे परत.

‘भरताड’ हा शब्द मात्र लागला. हे पुनर्मुद्रण व्हेनिसच्या जुंता छापखान्याच्या 1562 च्या आवृत्तीचं. आपल्या पोथ्यांत मूळ आणि टीका एकाच पानावर असतात, तसंच इथे. स्पेनमधल्या कोर्दोबाचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द (1126–1198), म्हणजेच लॅटिनमधला अव्हेरोईज, आधी मूळ उतारा देतो, मग त्याची फोड करतो. या मोठ्या भाष्याचं अरबी मूळ आज उरलेलं नाही. ते वाचलं लॅटिन आणि हिब्रू भाषांतरांमुळे. ती अक्षरं म्हणजे पत्ता: पानाच्या पुढच्या बाजूला ए ते एफ, मागे जी ते एम. अभ्यासक आजही तसाच संदर्भ देतात.

चौथ्या भागातलं 71 वं भाष्य वाचाच. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, पोकळीत अडथळाच नाही, मग तिथे हालचालीला वेळच लागणार नाही. म्हणून पोकळी अशक्य. त्यावर इब्न रुश्दच्या आधीचा अरबी तत्त्वज्ञ इब्न बाज्जा विचारतो, आकाशातल्या गोलांना कसला अडथळा? तरी त्यांना फेरीला वेळ लागतोच. म्हणजे हवा-पाण्यासारखं माध्यम वेग फक्त कमी करतं. इब्न रुश्दला हे पटत नाही, पण खोडण्याआधी तो प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडतो. तेवढ्यामुळे ते लॅटिन युरोपात पोचलं, आणि तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनस या मुद्द्यावर इब्न बाज्जाच्या बाजूने उभा राहिला. निव्वळ अ‍ॅरिस्टॉटल छापला असता तर हा वाद तुमच्या हातात आलाच नसता.

नव्या प्रतीत त्या पानावर खूण घालून पाठवतो.