नारळीकरांनी आइन्स्टाइनला खोटं पाडलेलं नाही

जयंत नारळीकरांचं नाव निघालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. १९६४ साली या मराठी शास्त्रज्ञानं आइन्स्टाइनचा सिद्धांत चुकीचा ठरवला, विश्वाची सुरुवात ज्यातून झाली असं मानतात तो महास्फोटही (बिग बँग) खोटा असल्याचं सिद्ध केलं. पण भारतीय म्हणून गोऱ्यांनी ते दाबलं आणि नोबेल हुकलं. अभिमान समजू शकतो. पण एकेक दावा तपासू.

आइन्स्टाइन चुकीचा ठरला? नाही. जून १९६४ मध्ये केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि तिथलेच त्यांचे विद्यार्थी, पंचविशीतले नारळीकर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यामागची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांची: वस्तूचं जडत्व, म्हणजे गती बदलायला होणारा तिचा विरोध, उरलेल्या सगळ्या विश्वामुळे येतं. आइन्स्टाइनच्या समीकरणांत रिकाम्या विश्वातल्या एकुलत्या एका कणालाही जडत्व असू शकतं. हॉयल-नारळीकरांच्या मांडणीत त्याचं वस्तुमान, म्हणजे जडत्वाचं माप, शून्य. मात्र विश्वात भरपूर कण धरले की गणित थेट आइन्स्टाइनच्याच समीकरणांवर येऊन पोचतं. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जादा का सरकते, याचं उत्तर दोन्हीकडे एकच. ज्याला खोटं पाडायचं, त्याचीच समीकरणं कुणी आपल्या सिद्धांतातून काढून दाखवतं का?

उलट अडचण निघाली ती या नव्या सिद्धांतात. केंब्रिजमधलाच एक संशोधक विद्यार्थी, स्टीफन हॉकिंग, यानं दाखवलं की महास्फोटातून प्रसरण पावणाऱ्या विश्वात या गणितानं कणाचं वस्तुमान अनंत येतं. फिरणाऱ्या मजकुरात हॉकिंग कधी दिसत नाही, हेही आलंच.

दाबलं म्हणावं, तर शोधनिबंध रॉयल सोसायटीच्याच नियतकालिकात छापून आला. १९६५ मध्ये पद्मभूषण, १९६७ मध्ये केंब्रिजचं ॲडम्स पारितोषिक. असं दाबून घ्यायला कोण नाही म्हणेल?

महास्फोटाला मात्र त्यांचा खराखुरा विरोध होता. १९९३ मध्ये हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे ज्याला सुरुवातच नाही अशा विश्वाची, सुधारित मांडणीही केली. पण विरोध करणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणानं, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या, आकाशभर पसरलेल्या क्षीण प्रारणानं, बहुतेक शास्त्रज्ञांना महास्फोटाकडे वळवलं, ते आजतागायत. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत संजीव धुरंधर आणि सहकारी गोंगाटात बुडालेला गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा) क्षीण संकेत कसा हुडकायचा, यावर वर्षानुवर्षं राबले. त्या लहरी २०१५ मध्ये सापडल्या, आणि त्यांचं भाकीत आइन्स्टाइनचंच.

राहिलं नोबेल. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात, या कामासाठी १९८३ मध्ये विल्यम फाउलर यांना ते मिळालं. त्या कामाचा पाया घालणारे हॉयल वगळले गेले, आणि हॉयल तर अस्सल यॉर्कशरचे इंग्रज.