८० हजारांची गाडी, १ लाख १० हजारांची पावती

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा शोरूमबाहेर रांगा लागल्या. दसरा तोंडावर होता, पोरांनी भराभर गाड्या काढल्या. चांगलं झालं. पण त्याच कोटेशनमध्ये खाली एक ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. आरटीओ टॅक्स. माझं भांडण त्या ओळीशी आहे.

हिशेब मांडतो. साधी १२५ सीसीची गाडी धरा, कराआधीची किंमत ८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १४,४००. झाली एक्स-शोरूम ९४,४००. आता आपलं राज्य सरकार. महाराष्ट्रात दुचाकीचा पंधरा वर्षांचा एकरकमी कर, म्हणजे तोच आरटीओ टॅक्स, सीसीवर ठरतो: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ पर्यंत ११, आणि वर १२. आपल्या गाडीला ११ टक्के. ११ टक्के कशावर? ८०,००० वर नव्हे, ९४,४०० वर. म्हणजे केंद्राला भरलेल्या १४,४०० रुपयांच्या करावर राज्य पुन्हा १,५८४ रुपये कर घेतं. एकूण १०,३८४. त्या करावर आणखी २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर. करावर कर, आणि त्या करावर उपकर!

मग नोंदणीचे ३००, कर्ज असेल तर आरसीवर बोजा चढवायचे ५००, स्मार्ट कार्डाचे २००. या रकमा किरकोळ आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सक्तीचा आहे. २०२२ पासूनच्या दराने या गाडीला ३,८५१ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हा खर्च मला मान्य आहे. धडक बसलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळायची असेल तर विमा हवाच. त्यावर जीएसटी कशाला, हे मात्र समजत नाही.

बेरीज केली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा न धरताच १ लाख १० हजारांच्या वर जाते. त्यात निव्वळ सरकारी भाग २६ हजारांहून जास्त. आणि ही गाडी घेतो कोण? एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणारा, कारण त्या वेळी एसटी नाही आणि सिटी बस तर नाहीच. दूध घालणारा, पार्सल पोचवणारा. यातले बरेच जण डाउन पेमेंट भरून बाकी हप्त्यांवर घेतात आणि फायनान्सवाला ऑन-रोड रकमेवर कर्ज देतो. म्हणजे पंधरा वर्षांचा कर आज आगाऊ भरायचा आणि त्यावर तीन वर्षं व्याजही द्यायचं.

आता चारचाकीकडे बघा. १० लाखांच्या आतल्या पेट्रोल कारचा दर किती? ११ टक्के. दूधवाल्याच्या मोटारसायकलचा आणि नऊ लाखांच्या कारचा दर एकच. वर कारच्या कराला कमाल मर्यादाही आहे, पूर्वी २० लाख होती, जुलै २०२५ पासून ३० लाख. कर तेवढ्यावर थांबतो. मोटारसायकलवाल्याला असल्या मर्यादेचा उपयोग काय, तो तिथवर पोचणारच नाही.

२०१७ पर्यंत दुचाकीचे हे दर ८ ते १० टक्के होते. जीएसटी आला त्याच वर्षी ते दोन-दोन टक्क्यांनी वाढले. राज्याची बाजू मला कळते. विक्रीकर हातातून गेला, जकात गेली, उरलं काय तर पेट्रोल, दारू, मुद्रांक शुल्क आणि वाहन कर. रस्तेही बांधायचे आहेतच. पण दुचाकी रस्ता झिजवते किती, जागा अडवते किती? आणि वापराप्रमाणे कर पेट्रोलवर आपण रोज भरतोच.

गंमत म्हणजे याहून बरा नियम सरकारने स्वतःच केलेला आहे. २०२१ साली बीएच, म्हणजे 'भारत' मालिकेचा, देशभर चालणारा नंबर आला. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो, १० लाखांच्या आतल्या गाडीला दर ८ टक्के आणि तो जीएसटी वगळून असलेल्या किमतीवर. पण ही सोय केंद्र-राज्य सरकारी नोकर, लष्करातले लोक, सार्वजनिक उपक्रम आणि ज्या खासगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं आहेत तिथले कर्मचारी यांनाच. बदलीची नोकरी असणाऱ्यांना राज्य बदललं की पुन्हा नोंदणी नको, हा हेतू रास्तच आहे. पण परराज्यात फक्त साहेबच जातात का? सोलापूरचा गवंडी बंगळुरूला गाडी घेऊन गेला आणि वर्षापेक्षा जास्त राहिला तर कायद्याने त्याने इथून एनओसी आणायची, तिथला कर भरायचा आणि इथल्या उरलेल्या कराचा परतावा मागायला इथल्या आरटीओत यायचं. त्या खेपांत बुडणारी हजेरी धरली तर परताव्यात उरतं किती?

एकरकमी कर आणला तेव्हा त्याला कारण होतं, हे मान्य. दरवर्षी रांगेत उभं राहायचं, लोक चुकवायचे, वसुलीला माणसं लागायची. आता सगळं ऑनलाइन आहे. बीएचवाल्यांकडून दोन वर्षांनी वसूल करता येतं, तर एमएच-१२ आणि एमएच-१३ वाल्यांकडून का नाही?

जाता जाता, या पोस्टखाली नक्की विचारलं जाईल म्हणून. कोटेशनवर "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" म्हणून लिहिलेला आकडा सरकारी नाही, कुठल्याही शुल्काच्या तक्त्यात तो नाही. तो खोडायला सांगा. हेल्मेट गाडीबरोबर देणं ही केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार उत्पादकाची जबाबदारी आहे, तेही मागून घ्या. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. पासिंग लवकर हवं म्हणून कुणी वरचे पैसे मागितले तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आणि गाडी पंधरा वर्षं जपली, तर? पुनर्नोंदणीचे १,००० आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००. वीस वर्षांवरच्या दुचाकीची पुनर्नोंदणी ऑगस्ट २०२५ पासून २,०००. जुनी गाडी धूर सोडते, हे खरं. पण नवी घ्यायला गेलं की ११ टक्के, जुनी ठेवली की पर्यावरण कर. इलेक्ट्रिक घ्या म्हणतात, तिला रस्ता कर माफ आहे, उत्तम. पण चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती चार्ज कुठे करायची?

मागणी मोठी नाही. १५० सीसीच्या आतल्या दुचाकीला दर पुन्हा ८ टक्के करा, कर जीएसटीआधीच्या किमतीवर लावा आणि ज्याला हवं त्याला दोन-दोन वर्षांनी भरू द्या. तिजोरीला पहिली काही वर्षं खड्डा पडेल, हे मी नाकारत नाही. तो भरायला आधी कारची ती ३० लाखांची मर्यादा काढा.