मातृदिनाला आपण दहाव्या वचनापासूनच का सुरू करतो?

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस मनात होतं, आज नाईट ड्युटीवरून आल्यावर झोप लागेना म्हणून लिहून टाकतेय. लांब झालंय, पण आयांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मे महिन्यातला दुसरा रविवार आला की आपल्या मंडळीत शास्त्रपाठ ठरलेला, बायबलमधल्या नीतिसूत्रे पुस्तकाचा ३१वा अध्याय, वचन १० पासून पुढे. सद्गुणी स्त्री. ती पहाटेच्या आधी उठते, रात्री तिचा दिवा मालवत नाही, लोकर काय, शेत विकत घेणं काय, द्राक्षमळा लावणं काय. मग संदेश, मग प्रत्येक आईला एक गुलाब. आणि खरं सांगते, दरवर्षी तो गुलाब घेऊन घरी येताना मला रडू यायचं, कारण ह्यातलं निम्मंही आपल्याच्याने होत नाही असंच वाटायचं. त्या बाईकडे दासी होत्या हे पंधराव्या वचनात लिहिलंय, पण ते संदेशात कोणी सांगत नाही.

ह्या वर्षी घरी येऊन मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. पहिलंच वचन सांगतं की ही लमुएल राजाची वचनं, त्याच्या आईने त्याला शिकवलेली. म्हणजे ज्या अध्यायावरून आपण आयांना मोजतो त्याची सुरुवातच एका आईच्या बोलण्याने होते आणि तेच नेमकं आपण सोडून देतो! लमुएल कोण, कुठला, बायबलमध्ये दुसरीकडे कुठे सापडत नाही, आईचं तर नावही नाही. पण बोलते कशी बघा, माझ्या मुला, माझ्या पोटच्या मुला, माझ्या नवसाच्या मुला. आणि मग सांगते, दारू राजांना शोभत नाही. का शोभत नाही? आपण पोरांना काय सांगतो, लिव्हर जाईल, पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर तोंड कुठे दाखवू. ती म्हणते, तू पिशील, नियम विसरशील आणि गरिबाचा न्याय बुडवशील. आणि आठव्या-नवव्या वचनात तर सरळच, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, गोरगरिबांना न्याय दे.

तिथे मी थांबले, पुढे वाचवेना. कारण त्याच्या आठवडाभर आधी माझा मुलगा क्लासवरून आला आणि जेवताना सांगत होता की एक मुलगा आहे, गावाकडून आलाय, त्याच्या बोलण्यावरून आणि चपलांवरून सगळे त्याला रोज छळतात, परवा त्याची वही पाण्यात टाकली. आणि मी काय म्हणाले माहितीये? तू मध्ये पडू नको, बारावीचं वर्ष आहे, आपलं आपण बघावं. तो गप्प जेवला आणि उठून गेला. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, त्याला लहानपणापासून संडे स्कूलला नेलं, आणि वेळ आली तेव्हा मी त्याला लमुएलच्या आईच्या बरोब्बर उलटं शिकवलं.

मग बायबलमधली हन्ना आठवली, शमुवेलाची आई, तोही नवसाचाच मुलगा. तिचं रडणं, एली याजकाने तिला प्यायलेली समजणं, हे आपण खूप ऐकतो. देवाच्या सेवेला शिलोच्या मंदिरात ठेवलेल्या शमुवेलासाठी दरवर्षी ती लहानसा झगा करून न्यायची, त्यावर तर मी कितीदा रडलेय, वर्षातून एकदा दिसणाऱ्या लेकराचं माप ती कसं घेत असेल, अंदाजाने थोडं मोठंच शिवत असेल ना. पण मूल देवाला देऊन टाकल्यावर ती काय प्रार्थना करते ते बघा. देव कंगालाला धुळीतून उठवतो, दरिद्र्याला उकिरड्यावरून उचलतो. आणि तोच शमुवेल म्हातारपणी लोकांसमोर उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणावर जुलूम केला? आईचं बोलणं मुलात उतरलेलं मला तिथे दिसतं. मरीयेचं गीतही तसंच, भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाताने पाठवलं. पुढे नासरेथच्या सभास्थानात प्रभु येशू दीनांना सुवार्ता हे वाचतो, तेव्हा ह्या गोष्टी त्याने घरात आईच्या तोंडून ऐकलेल्याच असणार, असं मला मनापासून वाटतं.

आणि मी नर्स असल्यामुळे शिप्रा आणि पुवा मला फार जवळच्या. मिसरच्या राजाने, फारोने सांगितलं इब्र्यांचे मुलगे मारा, ह्या दोघी सुइणींनी मारले नाहीत, आणि मग देवाने त्यांची घराणी वसवली असं निर्गममध्ये लिहिलंय.

लांब कशाला, आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. मनोरमा तान्ही असतानाच तिचे वडील गेले, एकटीने वाढवलेली एकुलती एक मुलगी. दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी अनाथ मुली, विधवा आपल्या मुक्ती मिशन आश्रमात आणल्या, कोणाचं कोण लागत नव्हतं. आणि मनोरमा पुढे आईच्याच कामात राहिली, १९२१ साली आईच्या आधी गेली तोपर्यंत. रमाबाईंनी तिला आपलं आपण बघ असं शिकवलं असतं तर?

मी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, आई, मी सरांना आधीच सांगितलंय. आता दोन मुलं त्याच्याशी बोलत नाहीत, त्याला वाईट वाटतं, मलाही भीती वाटते, पण ह्यावेळी मी त्याला गप्प बस म्हणाले नाही.

महिला मंडळाच्या बहिणींनो, आणि पाळकसाहेब, तुम्हीही वाचत असाल तर, एक विनंती आहे. पुढच्या मातृदिनाला शास्त्रपाठ पहिल्या वचनापासून घ्या. कोणी वाचायला नसेल तर मी वाचते, त्या शनिवारची ड्युटी आत्ताच बदलून घेते.