स्कॉटलंडच्या चर्चवह्या आणि ‘नाव टाका, वंशावळ घ्या’

परवा तो फॉरवर्ड पुन्हा फिरत आला. ‘स्कॉटलंडमध्ये चर्चने 1553 पासून प्रत्येक माणसाचा जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवलाय. आडनाव टाका, साडेचारशे वर्षांची वंशावळ हातात. नाव नाही मिळालं तर घराणं तिथलं नाहीच. आणि आपल्याकडे? पणजोबांचं नाव विचारा!’ आमच्या जावयाच्या आजीचं माहेर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचं. त्या माणसांच्या शोधात दोन महिने या वह्यांत डोळे फोडले आहेत, म्हणून लिहिते.

1553 हे साल खरं, पण ते पर्थशरमधल्या एरल या एका गावचं. तिथली वही सगळ्यांत जुनी. पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतला भाग, नऊशेच्या आसपास, आणि हायलँड्समधल्या, बेटांवरच्या कित्येक वह्या त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी सुरू होतात. त्यातही मधली पानं गायब.

‘प्रत्येक माणूस’ तर मुळीच नाही. या वह्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. 1733 पासून त्यातून पंथ फुटत गेले आणि 1843 साली मोठी फूट पडून साडेचारशेहून अधिक पाद्री बाहेर पडले. (मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते जॉन विल्सनही त्याच बाजूचे.) फुटून गेलेल्यांच्या नोंदी त्यांच्या त्यांच्या वह्यांत. शिवाय 1783 ते 1794 दर नोंदीला तीन पेन्स कर होता. गरिबांना माफी होती खरी, पण पोराचं नाव लिहायला पैसे कोण मोजणार? बऱ्याच जणांनी नोंदच केली नाही.

आता जन्म, लग्न, मृत्यू. वहीत असतो तो बाप्तिस्मा, म्हणजे मुलाला चर्चमध्ये दाखल करून घेण्याचा विधी. जन्मतारीख लिहिली तर लिहिली. लग्नाच्या रकान्यात बहुतेकदा असते ती लग्नाआधी चर्चमध्ये केलेली जाहीर घोषणा. वधू-वर वेगळ्या पॅरिशचे असतील तर ती दोन्हीकडे, दोन तारखांना सापडते आणि आपण दोन लग्नं समजून बसतो. उलट, दोघांनी साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं तरी तिथल्या कायद्याने 1940 पर्यंत लग्न लागत असे. त्याला चर्चची वही कशाला?

मृत्यूचं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं. पुष्कळ गावांत मृत्यूची वहीच नाही. आहे तो जमाखर्च. प्रेतावर घालायचं मखमली कापड चर्च भाड्याने द्यायचं आणि ते पैसे गरिबांच्या निधीत जायचे. अमक्याच्या बायकोसाठी कापड, इतके शिलिंग. बाई गेली हे कळतं ते त्या भाड्यावरून, आणि तिचं स्वतःचं नाव तेवढं कळत नाही.

राहिलं ‘आडनाव टाका’. शेटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शिरेपर्यंत बापाचं नाव हेच पोराचं आडनाव. अँड्र्यूचा मुलगा मॅग्नस अँडरसन, मॅग्नसचा मुलगा जेम्स मॅन्सन, जेम्सची बहीण मॅग्नसडॉटर. म्हणजे आपलं मधलं नावच शेवटी आलं म्हणा ना. एका छपराखाली तीन आडनावं; संगणकाला ती तीन घराणी वाटतात.

‘आपल्याकडे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्र्यंबकेश्वरला आपल्या उपाध्यायांची वही उघडायला सांगावी. तिथेही जो यात्रेला गेला तोच सापडतो, पण सापडतो.

स्कॉटलंडच्या वह्या टाकाऊ आहेत, असं मी म्हणत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुधा मिळतं, ही चैन इंग्लंडमध्ये नाही. 1 जानेवारी 1855 ला सरकारी नोंदणी सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीच्या जन्मदाखल्यात आईबापांचं वय, जन्मगाव, त्यांची आधीची मुलं, सगळं आहे. पुढच्याच वर्षी हा तपशील छाटला. त्या एका वर्षातला दाखला हाती लागला तर पेढे वाटा.

आम्हाला तो लागला नाही. जावयाच्या आजीची पणजी बाप्तिस्म्याच्या वहीत नव्हतीच. ती भेटली चर्चच्या पंचांच्या, म्हणजे कर्क सेशनच्या इतिवृत्तात. तिथे नाव टाकून शोधायची सोय नव्हती, एकेक पान उलटत गेले. तिची आई लग्नाआधी गरोदर राहिली म्हणून तिला पंचांपुढे उभं केलं होतं आणि बाप कोण ते विचारलं होतं. पहिल्या बैठकीत ती बोलली नाही. तिसऱ्या बैठकीत बोलली, आणि कारकुनाने ते नाव, त्याचं गाव आणि धंदा सगळं व्यवस्थित लिहून घेतलं.